पडद्यामागच्या सहा मुली आणि वेशीवरचा बॅनर

ताई, नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात शिकवते. यंदाच्या गॅदरिंगला आम्ही सावित्रीबाई फुल्यांवर एकांकिका बसवली. अकरा मुलं-मुली रंगमंचावर होती आणि सहा मुली मागे. कपडे, रंगभूषा, पडदा, प्रॉम्प्टिंग (अडखळलेल्या नटाला वाक्य मागून सांगणं), सामान हे सगळं त्या सहाजणींनी सांभाळलं. सर्वांत जास्त टाळ्या लुगड्याच्या प्रसंगाला पडल्या. शेणाचिखलानं माखलेल्या सावित्रीबाई शाळेच्या दारात येतात, अंधार होतो, आणि दिवे लागतात तेव्हा त्या स्वच्छ लुगड्यात फळ्यासमोर उभ्या असतात. मध्ये जेमतेम पंधरा सेकंद. हा बदल नववीतल्या एका मुलीनं स्वतःच्या डोक्यानं बसवला. आत स्वच्छ लुगडं आधीच नेसवायचं, वर डागांचं अर्धं लुगडं चार पिना आणि एका नाडीवर अडकवायचं. अंधारात हाताला लागाव्यात म्हणून तिनं प्रत्येक पिनेला जाड दोऱ्याची गाठ मारून ठेवली होती.

प्रयोगानंतर गावच्या वेशीवर अभिनंदनाचा डिजिटल बॅनर लागला. अकरा मुलांचे फोटो, माझा, हेडमास्तरांचा, देणगीदारांचे. त्या सहाजणी कुठंच नाहीत. बक्षीस समारंभात नटांना सन्मानचिन्हं मिळाली, बाकीच्यांसाठी निवेदक म्हणाले, "ज्यांनी ज्यांनी मदत केली त्या सर्वांचे आभार." एकीची आई गेटवर मला म्हणाली, "बाई, आमची पोर महिनाभर तिन्हीसांजा करून घरी येत होती. त्या फोटोत ती कुठं हाय वो?" हेडमास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "मागच्या मुलींना एकेक वही-पेन देऊ."

आता यात्रा कमिटीनं हाच प्रयोग गावच्या यात्रेत मागितलाय. या मुलींची दखल कशी घेऊ? कौतुकाचा नुसता देखावा होईल का, अशी धास्तीही वाटते. एकीच्या वडिलांनी 'स्टेजवर जाणार नसेल तर पाठवतो' अशी अट घातली होती. तिला लोकांसमोर बोलावलं तर पुढच्या वर्षी तालमीलाच पाठवणार नाहीत, अशी भीती वाटते. आणखी एकीला लाइट करायचे होते. लाइटवाल्यानं 'पोरीबाळींचं काम नव्हे, शॉक बसला तर?' म्हणून बोर्ड एका मुलाच्या हाती दिला. आता यात्रेलाही तोच लाइटवाला आहे.

— एक शिक्षिका, खानापूर तालुका

बाई,

वही-पेन देऊ नका. हेडमास्तरांचा हेतू चांगला आहे हे मला मान्य आहे, तरीही देऊ नका. एकाच मांडवात नटाला सन्मानचिन्ह आणि मागच्या मुलीला वही-पेन मिळालं की दोन्ही कामांचा भाव गावाला कळतो, आणि त्या मुलीला तो सगळ्यांच्या आधी कळतो. काहीच दिलं नाही तर राहून गेलं असं तरी म्हणता येतं. वही-पेन दिलं की मग ते ठरवून केलेलं असतं.

तुमच्या पत्रातला लुगड्याचा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला. नाटक तुम्ही बसवलंत, पण ज्या पंधरा सेकंदांना सर्वांत जास्त टाळ्या पडल्या, त्यांत एकही वाक्य नाही. सावित्रीबाई शाळेत जाताना लोक अंगावर शेण-चिखल फेकत आणि म्हणून त्या दुसरं लुगडं बरोबर नेत, ही गोष्ट आपण सगळे प्राथमिक शाळेपासून ऐकत आलो. ऐकलेली गोष्ट डोळ्यांसमोर घडवली ती त्या नववीतल्या मुलीनं. तिला काय काय सोडवावं लागलं असेल ते बघा. डाग शेवटच्या रांगेतून दिसले पाहिजेत, पण आतल्या कोऱ्या लुगड्याला लागता कामा नयेत, म्हणजे ते आधी वाळवायला हवेत. दोन लुगडी अंगावर असूनही नटी फुगलेली दिसता कामा नये. पिन काढताना टोचली तर ती दचकणार आणि दिवे लागतील तेव्हा तिच्या चेहऱ्यावर सावित्रीबाई नसतील, टोचलेली मुलगी असेल. उतरलेलं लुगडं पायात आलं तर ती फळ्यापर्यंत पोचायच्या आत पडेल, म्हणजे ते खाली पडू न देता कुणीतरी ओढून घ्यायला हवं. आणि हे सगळं मिट्ट काळोखात, हातांच्या बोटांनी.

याला मदत म्हणत नाहीत. त्या मुलीनं प्रसंग रचला. तुम्ही, तुमची नटी आणि ती अशा तिघींचा तो प्रसंग आहे. एवढं तुमच्या मनात पक्कं झालं की कौतुकाचा देखावा होईल का, ही तुमची धास्ती आपोआप कमी होईल. देखावा तेव्हा होतो जेव्हा कौतुक मोघम असतं. 'पडद्यामागचे अदृश्य हात', 'यांच्याशिवाय नाटक शक्यच नव्हतं' अशी वाक्यं निवेदकांच्या तोंडी बसलेली असतात आणि ती ऐकून कुणाच्याही अंगावर मूठभर मांस चढत नाही. 'अंधारात पंधरा सेकंदांत लुगडं बदलण्याची युक्ती हिची' असं नाव घेऊन सांगितलं की त्यात देखावा कुठला? ते घडलंय, गावानं बघितलंय.

तेव्हा पहिलं काम. सहाजणींपैकी प्रत्येकीनं नेमकं काय केलं ते एकेका वाक्यात लिहून काढा. तुम्हाला सगळं ठाऊक नसेल, म्हणून त्यांनाच एकमेकींबद्दल विचारा. स्वतःबद्दल त्या 'काही नाही बाई, असंच' म्हणतील, मैत्रिणीबद्दल मात्र भडाभडा सांगतील. प्रॉम्प्टिंगला बसलेल्या मुलीला अकराही जणांची वाक्यं पाठ असतील आणि कोण कुठं अडखळतं हेही. पडदा ओढणारीला दोरी किती वेगानं सोडली तर पडदा झटका न देता मिटतो ते कळलेलं असेल. सामान सांभाळणाऱ्या मुलीनं पाटी, पेन्सिल, कंदील कुठल्या टेबलावर कुठल्या क्रमानं मांडले होते ते विचारा. तिनं काहीतरी पद्धत केलेली असणारच, नाहीतर प्रयोग नीट झाला नसता.

हीच वाक्यं पुढं सगळीकडं वापरायची आहेत. यात्रेच्या प्रयोगाच्या पत्रिकेत नटांच्या नावाखाली वेशभूषा, रंगभूषा, रंगमंच व्यवस्था, प्रॉम्प्टिंग अशी कामं आणि समोर पूर्ण नावं, इयत्तेसह. नटांच्या नावाच्याच अक्षरांत, शेवटी बारीक टायपात नव्हे. आपल्या नाटकांत तिसऱ्या घंटेआधी निवेदन होतं. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा, रंगमंच साहाय्य अशी नावं ऐकवली जातात, मगच पडदा उघडतो. बेळगावात कुमार गंधर्व रंगमंदिरात बसून आपण ती ऐकलेली असतात. तुमच्या एकांकिकेलाही ते निवेदन करा, आणि त्यात प्रमुख पाहुण्यांची नावं घुसवू देऊ नका. त्यांच्यासाठी शाल-श्रीफळाचा अर्धा तास वेगळा असतोच. (त्या अर्ध्या तासात मागं मुली पिना लावलेल्या नटीला 'बसू नको, बसू नको' म्हणत उभ्या असतात, हे पाहुण्यांना कुणीतरी सांगायला हवं. सत्कार प्रयोगानंतर ठेवा म्हणून कमिटीला तुम्हीच सुचवा.)

हेडमास्तर 'पूर्वी कधी असं केलं नाही' म्हणतील. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी त्यांना आपल्याच मुलखातली उदाहरणं सांगा. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर सिनेमाकडं वळायच्या आधी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत असत, आणि मेस्त्री हे आडनाव मागं पडून 'पेंटर' हेच नाव त्यांना कायमचं चिकटलं. मागच्या कामावरून माणसाला नाव मिळालं असा तो काळ होता. ऑस्कर मिळवणारं पहिलं भारतीय माणूस कोण, हा प्रश्न हेडमास्तरांना विचारा. भानू अथय्या, कोल्हापूरच्या. १९८३ साली 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी, जॉन मोलो यांच्याबरोबर. पडद्यावर त्या कुठंही दिसत नाहीत. निपाणी ओलांडली की कोल्हापूर किती लांब? तुमच्या वर्गातल्या मुलींना हे नाव माहीत नसेल तर उद्याच सांगा. महाराष्ट्राच्या राज्य हौशी नाट्य स्पर्धेतसुद्धा अभिनयाबरोबर नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांना वेगळी बक्षिसं असतात आणि ती पटकावणाऱ्याचं नाव पेपरात नटांच्या शेजारी छापून येतं. शाळेनं एखादं सन्मानचिन्ह वेशभूषेला आणि एखादं रंगमंच व्यवस्थेला ठेवलं तर त्यात जगावेगळं काही नाही.

आपल्या जिल्ह्याला तर याची जास्तच जाण हवी. ज्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली मराठी संगीत नाटकाची घडी बसवली, ते सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या मंडळीत स्त्रियांची कामं पुरुष करायचे आणि पुढं कितीतरी वर्षं तसंच चाललं. बाई रंगमंचावर आली त्याची आपण आठवण ठेवतो, ठेवायलाच हवी. पण त्याच काळात घरोघरी लुगडी काढून देणाऱ्या, दागिने उसने देणाऱ्या, फाटलं ते शिवून देणाऱ्या बायकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. ती राहून गेली ती गेलीच. तुमच्या शाळेच्या बाबतीत मात्र अजून सगळं हातात आहे.

आता मला महत्त्वाचं वाटतं ते. पत्रिका, निवेदन, सन्मानचिन्ह हे सगळं प्रयोगाच्या दिवशीचं झालं. मुलीला खरी किंमत कळते ती तालमीत. तालमीत पडद्यामागच्या मुलींना 'अगं, ती खुर्ची आण, झाडू मार, सरांना चहा सांग' एवढंच ऐकावं लागत असेल तर यात्रेच्या दिवशी दिलेलं चिन्ह त्या घरी नेऊन कपाटावर ठेवतील आणि पुढच्या वर्षी येणार नाहीत. म्हणून यात्रेच्या तालमीपासून एकीला रंगमंच व्यवस्थापक करा आणि सगळ्यांसमोर सांगा की प्रयोग सुरू झाल्यावर विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाला, हिचा शब्द शेवटचा. ती 'थांबा' म्हणाली की नट थांबतात, तुम्हीही थांबता. मोबाइल घेऊन शूटिंग करायला विंगेत शिरणाऱ्या कमिटीच्या माणसालाही तीच बाहेर काढेल, आणि तुम्ही तिच्या पाठीशी उभ्या राहाल. आपलं सामान वापरून झालं की नटानं ते आपल्या हातानं टेबलावर परत ठेवायचं, आणि प्रयोगानंतर मांडव झाडायला सतराही जणांनी हात लावायचा.

तिला एक जाड वही द्या. बक्षीस म्हणून नव्हे, कामासाठी. डाव्या पानावर संवाद चिकटवायचे, उजव्या पानावर कुठल्या शब्दाला पडदा, कुठल्या शब्दाला अंधार, कुठल्या शब्दाला संगीत, कोण कुठल्या विंगेतून येणार हे पेन्सिलीनं लिहायचं. पेन्सिलीनं अशासाठी की तालमीत ते रोज बदलतं. यात्रेपर्यंत ती वही भरली की ती आजारी पडली तरी दुसरी मुलगी प्रयोग चालवू शकेल. नाटक संपल्यावर ती वही शाळेच्या ग्रंथालयात नोंद करून ठेवा, पहिल्या पानावर तिचं नाव लिहून. पुढची बॅच ती उघडून बघेल.

वडिलांच्या अटीबद्दल. इथं घाई करू नका, आणि गावासमोर अचानक नाव पुकारून त्या मुलीला चकित तर अजिबात करू नका. आपल्याला ते गोड वाटतं, घरी जाऊन जे ऐकावं लागतं ते तिला. आधी तिच्याशी एकटीशी बोला. पत्रिकेत नाव छापणं, निवेदनात नाव घेणं आणि शेवटी नटांबरोबर रंगमंचावर येऊन नमस्कार करणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तिला यातलं काय हवंय ते तिला ठरवू द्या. नुसतं पत्रिकेतलं नाव पुरे म्हणाली तर तेवढंच. उद्या मत बदललं तर बदलू द्या.

मग घरी जा. पत्रिका छापायला टाकण्याआधी जा. वडिलांच्या नकारात बऱ्याचदा अर्धा भाग मानाचा असतो आणि अर्धा साध्या काळजीचा. तालीम किती वाजता संपते, शेवटची बस गेल्यावर पोरगी कशी येते, बरोबर कोण असतं. या अर्ध्या भागाचं उत्तर तुमच्याकडं तयार असू द्या. तालीम दिवस मावळायच्या आत संपेल, त्या वाडीच्या मुली एकत्र निघतील, एखाद्या दिवशी उशीर झाला तर कोण सोडेल, हे नावानिशी सांगा. काळजी मिटली की मानाचा भागही पुष्कळदा सैल होतो. त्यांना मुलीचं काम दाखवा, सांगू नका नुसतं. शक्य झालं तर एका तालमीला बोलावून विंगेत उभं करा. आपली मुलगी सतरा जणांच्या कारभारात कुठं काय आहे ते सांगतेय, हे बापानं एकदा डोळ्यांनी बघावं.

एक वाक्य मात्र त्यांच्यापुढं चुकूनही बोलू नका, आणि ते अगदी ओठावर येईल. 'ती काय मागंच असते हो, कुणाला दिसत नाही.' त्या दिवसापुरती परवानगी मिळेल, पण मग न दिसणं हीच तिची अट होऊन बसेल. पुढं तिच्या नावाचा उल्लेख झाला की तुम्ही दिलेला शब्द मोडल्यासारखं होईल. 'तिचं काम तिथं आहे आणि ती ते चांगलं करते' एवढंच सांगा. तेच खरं आहे.

याच्याच जोडीला सहाही जणींना एक प्रश्न विचारा, प्रत्येकीला वेगळं बोलावून: तू मागं का आहेस? मला वाटतं उत्तरं सारखी येणार नाहीत. एखादीला खरंच हेच आवडत असेल. एखादीला भूमिका हवी होती पण मिळाली नाही. शाळांच्या नाटकात भूमिका कशा वाटल्या जातात हे आपण दोघी जाणतो. गोरी, उंच, शहरी उच्चाराची मुलगी पुढं, सावळी, बुटकी, गावाकडचं बोलणारी मागं. कुणी बोलून दाखवत नाही, पण मुलींना लख्ख कळतं. अशा मुलीला मागं ठेवून तिच्या कामाचं कौतुक करत राहिलं तर ते कौतुक तिला तिथंच बांधून ठेवतं. पुढच्या नाटकाला सगळ्यांची वाचनं घ्या, आणि मागच्या कामांसाठीही सगळ्यांना, मुलांनाही, नावं देऊ द्या. इस्त्री आणि कपड्यांच्या घड्या मुलांनाही जमतात.

आणि जिला मागचंच काम आवडतं तिला 'पुढच्या वर्षी तुला रोल देईन हं' असं समजुतीसाठी सांगू नका. तिनं मागितलेलं नाही. तसं म्हटलं की तिच्या कामाची पायरी खालची आहे हे तुम्हीच तिला सांगितल्यासारखं होतं.

लाइटचं उत्तर सोपं आहे, फक्त ते लाइटवाल्याला ठामपणे सांगायला हवं. शॉकची भीती खरी आहे, पण ती मुलामुलींना सारखीच आहे. करंट मुलगा बघून सोडून देत नाही. आधी त्याला विचारा, बोर्ड कुठला आहे. हल्लीचे एलईडीचे 'पार' (PAR) दिवे असतील तर बोर्डावरून दिव्यांकडं जाते ती नुसती सिग्नलची वायर, दिव्यांना वीज वेगळ्या वायरीनं मिळते. बोर्डावर बसलेल्या मुलीला खटके वर-खाली करायचे असतात, लक्ष संवादावर ठेवायचं असतं. जुना डिमर बोर्ड असेल तर त्याच्या आतून घरातल्यासारखी पूर्ण वीज जाते. मग तो उघडा, तुटक्या खटक्यांचा असेल तर त्याला हात कुणीच लावायचा नाही, मुलगाही नाही. मांडवातलं मेन कनेक्शन जाणत्या इलेक्ट्रिशियननंच द्यायचं, विजेची गळती झाली की आपोआप पडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हा सुरक्षेचा खटका त्यावर असलाच पाहिजे, आणि वायरी जमिनीवर ओल्या गवतातून नेऊ द्यायच्या नाहीत. यात्रेच्या मांडवात पाणी शिंपडलेलं असतं, ते विसरू नका. हॅलोजन असतील तर ते चटका बसण्याइतके तापतात, विझवल्यावरही बराच वेळ. त्यांचं तोंड फिरवायचं असेल तर मोठ्या माणसानं हातमोजा घालून फिरवायचं.

एवढं झालं की त्या मुलीला बोर्डावर बसवा. नुसतं प्रयोगाच्या दिवशी नव्हे, निदान दोन तालमी बोर्डासकट व्हायला हव्यात. लाइटवाल्याला त्याचे जादा पैसे लागतील. वही-पेनांसाठी काढून ठेवलेले पैसे तिकडं वळवायला हेडमास्तरांना सांगा. तो मुलगाही वाईट वाटून घेणार नाही असं बघा. दोघं मिळून करू देत, एकानं वहीतले इशारे वाचायचे, एकीनं बोर्ड चालवायचा, मधेच अदलाबदल. त्या पंधरा सेकंदांच्या अंधारावर तर लुगड्याचा सगळा खेळ उभा आहे. लाइट करणारी आणि लुगडं बदलणारी यांनी एकत्र बसून तो अंधार मोजलेला असला पाहिजे.

प्रमाणपत्राचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. 'सहभागाबद्दल' असलं छापील प्रमाणपत्र देऊ नका. शाळेच्या लेटरहेडवर, हेडमास्तरांच्या सहीशिक्क्यानं, कामाचं वाक्य लिहून द्या: 'एकांकिकेची वेशभूषा हिनं केली, अंधारातल्या वेशबदलाची योजना हिची होती.' मराठीतून आणि कन्नडमधून, दोन्ही. कारण सहाजणींत दहावीची कुणी असेल तर पुढच्या वाटा दोन्ही बाजूंना आहेत. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या हेग्गोडूला नीनासमची नाट्यशिक्षण संस्था १९८० पासून चालते, तिथं एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. पुण्याला विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात नेपथ्य, प्रकाश यांचं शिक्षण मिळतं. हे सगळं पदवीनंतरचं किंवा मोठेपणीचं, लगेचचं नव्हे. पण आपल्या मुली शाळेत कन्नड शिकतात, घरात मराठी बोलतात, त्यामुळे धारवाड-हेग्गोडूकडचं दार त्यांना पुण्याइतकंच उघडं आहे, हे त्यांना आत्ताच माहीत असावं. प्रत्येक मुलगी नाटकात जाईल असं माझं म्हणणं नाही. जिला जावंसं वाटेल तिच्या हातात एक खरा कागद असावा.

आणि बॅनर. वेशीवरचा जुना उतरवा असं मी म्हणणार नाही, त्यात फोटो असलेल्या अकरा मुलांचा काही दोष नाही. यात्रेसाठी नवा बॅनर लागणारच आहे. त्यात सतरा फोटो घ्या, आणि जिला फोटो नको असेल तिचं नुसतं नाव. देणगीदारांचे फोटो आकारानं लहान करायला लागले तर करा, ते गावचेच लोक आहेत, समजून घेतील. ज्या आईनं तुम्हाला गेटवर विचारलं तिला बॅनर लागेपर्यंत थांबवू नका. उद्या-परवा तिच्या घरी जा आणि तिच्या मुलीनं काय केलं ते तिला सविस्तर सांगा. ती रागावलेली नव्हती, तिला ऐकायचं होतं.

पत्रिका छापायला देण्याआधी सहाही जणींकडून आपापलं नाव, वडिलांचं किंवा आईचं नाव आणि आडनाव त्यांच्या हातानं कागदावर लिहून घ्या, आणि प्रूफ आलं की तेच सहाजणींकडून तपासून घ्या.